गाडी एलवर का चालते?

गॅरेजच्या पाटीवर त्याचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. सगळे त्याला चौकशीमिस्त्री म्हणत, आणि तेही तोंडावर. गाडी दुरुस्त करून देणारे मिस्त्री पायलीचे पन्नास मिळतात. या गृहस्थाला दुरुस्तीत अर्धाच रस होता. गाडी का बिघडली, हे कळेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे. ब्रेकचे पॅड बदलायला द्यावेत, तर हा जुने पॅड उजेडात धरून विचारणार, की गाडी चालवताना तुमचं कुणाशी भांडण चालू असतं का? काही गिऱ्हाइकं या जाचाला कंटाळून दुसरीकडे गेली आणि वर्षाच्या आत मुकाट्याने परत आली. कारण एकदा याने मूळ शोधलं, की तो बिघाड पुन्हा तोंड दाखवत नसे.

खोड लहानपणापासूनची होती. न्हाव्याची खुर्ची वर-खाली कशी होते ते पाहायला त्याने ती एकदा उघडली, आणि अर्धी दाढी झालेला एक सद्गृहस्थ तासभर जमिनीवर बसून राहिला. बायकोला पहिल्यांदा भेटला तेव्हा इकडचं तिकडचं बोलायचं सोडून त्याने विचारलं, की तुमच्या चपलेची डावी टाच उजवीपेक्षा जास्त कशी झिजली? दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. हिने थोडा विचार केला आणि सांगितलं, की धाकट्या भावाला पाच वर्षं डाव्या कडेवर घेऊन फिरले, तेव्हापासून तोल तिकडेच जातो. मिस्त्रीने तिथल्या तिथे लग्न ठरवून टाकलं. या माणसाने माझ्याशी नाही, माझ्या टाचेशी लग्न केलं, असं ती अजून सांगते. गॅरेजच्या पुढच्या टेबलावर बसून फोन घेणं आणि नवऱ्याला गिऱ्हाइकांपासून, म्हणजे गिऱ्हाइकांना नवऱ्यापासून वाचवणं, हे तिचं काम.

अशा माणसाकडे एका सकाळी औषधांच्या दुकानाची मालकीण आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आली. गाडी ऑटोमॅटिक, दोन वर्षांची. ती घाईत होती आणि तक्रारी बोटांवर मोजून आणल्या होत्या. गाडी पेट्रोल जवळजवळ दुप्पट पिते. आवाज एवढा, की गाडी यायच्या आधी लोक गॅलरीत येऊन उभे राहतात. बॉनेटवर हात ठेववत नाही. स्टार्टरही मधूनमधून घासतो.

"कारण मला माहीत आहे," ती म्हणाली. "गाडी बाबा चालवतात, आणि सदासर्वदा एलवर चालवतात."

मिस्त्रीच्या कपाळावर आठी पडली, ती आनंदाची. ऑटोमॅटिक गाडीची लिव्हर डीवर असली, की गाडी आपली आपण गिअर बदलत जाते आणि माणसाला काही करावं लागत नाही. एलवर टाकली, की ती पहिल्या गिअरला चिकटून बसते. दांडगा चढ असेल किंवा घसरडा उतार असेल तर एल हाच शहाणपणा, कारण तिथे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. पण सपाट रस्त्यावर एल म्हणजे माणसाला दिवसभर धापा टाकत चालायला लावणं. चाकं सावकाश फिरतात आणि इंजिन मात्र जीव तोडून धावतं. हे करायला कुणालाच आवडत नाही. मग हे आजोबा का करतात?

लेकीने सांगितलं ते असं. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. अडतीस वर्षं घाटात लाकडाचा ट्रक चालवला. आई गेल्यावर ते दुकानामागच्या खोलीत राहायला आले आणि रोज सकाळी टेकडीवरच्या घरांत औषधं पोचवू लागले. ती यादी लिहून देते आणि ते बिनचूक पोचवतात, एक गोळी इकडची तिकडे होत नाही. पण लिव्हरचं दहा वेळा सांगून झालं. ना हो, ना नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एल. तिला आता भीती वाटत होती, की त्यांचं डोकं काम देईनासं झालंय. येत्या गुरुवारपासून ती किल्ली काढून घेणार होती आणि औषधं एका स्कूटरवाल्याकडे सोपवणार होती.

"ते काम गेलं तर ते भिंतीकडे बघत बसतील, हे मला कळतं," ती म्हणाली. "पण एखाद्या दिवशी कुणाच्या अंगावर गाडी घातली म्हणजे? तुम्ही एवढंच लिहून द्या, की दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. माझं ते ऐकत नाहीत. कागद वाचतील."

मिस्त्रीने गाडी पाहिल्याशिवाय कागद देणार नाही असं सांगितलं. त्याच्या बायकोने टेबलावरून एक सुस्कारा टाकला. तिने ओळखलं, की आज गाडी संध्याकाळपर्यंत काही सुटत नाही.

गाडी रॅम्पवर चढली. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर लालचं तपकिरी झालेलं, जळका वास मारणारं. हे अपेक्षितच होतं. मग त्याने चाकं काढली आणि ब्रेकचे पॅड पाहिले. ते जवळजवळ कोरे होते. दोन वर्षं रोज टेकडी चढलेली-उतरलेली गाडी, आणि ब्रेक जणू काल बसवलेले. प्लग काढले, तेही लख्ख. विसराळू म्हातारे गाडी कशी चालवतात हे त्याला पाठ होतं. एक पाय ब्रेकवर, एक कान बायकोच्या बोलण्याकडे, आणि बंपरवर चार रंगांचे ओरखडे. या गाडीला एकही ओरखडा नव्हता. ही गाडी कुणीतरी फार विचारपूर्वक चुकीची चालवत होतं.

पुढे कोडं वाढतच गेलं. पायाखालचं जाड रबरी मॅट जागेवर नव्हतं, ते गुंडाळून डिकीत ठेवलेलं सापडलं. ड्रायव्हरच्या सीटवर लेकीने हौसेने घातलेली मऊ गादीही डिकीतच होती. पेडलच्या मागे गालिचावर टाचेची जागा झिजली होती, पण ती बुटाने झिजते तशी नव्हती. कडा नाहीत, नुसता गोल चकचकीत ठसा. मिस्त्री पालथा पडून बॅटरीच्या उजेडात तो ठसा पाहत राहिला. माणूस अनवाणी गाडी चालवत होता. शेवटी त्याने स्टार्टर खोलला. त्याचे दात अर्धे खाल्ले गेले होते. चालू इंजिनावर पुन्हा किल्ली फिरवली तरच ते असे खाल्ले जातात. तो आवाज इतका भयंकर असतो, की एकदा ज्याने केला तो जन्मात विसरत नाही. इथे तर तो कितीतरी वेळा झाला असला पाहिजे.

एल, मॅट, गादी, अनवाणी पाय, स्टार्टर. त्याने पाचही गोष्टी बायकोला सांगितल्या. ती म्हणाली, की आधी जेवून घ्या. तो जेवला, पण काय जेवला ते विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

तीनच्या सुमाराला वडील स्वतःच आले. उंच, किंचित वाकलेले, डावा गुडघा जपत चालणारे. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला, आजारी माणसाच्या कपाळावर टेकावा तसा, आणि मिस्त्रीने काही विचारायच्या आत बोलायला सुरुवात केली. घाट, लाकडं, ट्रकचे जुने दिवस, अमुक वळणावरचा तमुक प्रसंग. बोलणं मोठं रसाळ होतं. मिस्त्रीने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला असा माणूस भेटला होता, जो प्रश्नाला फटसुद्धा ठेवत नव्हता. शेवटी त्याने स्टीअरिंगकडे आणि रस्त्याकडे बोट दाखवलं, की चालवून दाखवा. वडील खूश झाले. नवं तेल भरलं होतं, स्टार्टर तात्पुरता बसवला होता. वडिलांनी बूट काढून मागच्या सीटखाली सरकवले, लिव्हर एलवर आणली, आणि दोघं निघाले.

इंजिन केकाटत होतं, पण चालवणं पाहून मिस्त्री थक्क झाला. हात असे हलके, की स्टीअरिंगला धरलंय की नुसतं टेकलंय ते कळू नये. ठरावीक वेळाने नजर मधल्या आरशात, मग उजव्या, मग डाव्या. मिस्त्रीने मनात मोजलं, दर चार श्वासांना एकदा. सिग्नलला गाडी थांबली, की ते ब्रेक अगदी केसभर सोडत. गाडी वीतभर पुढे सरके आणि त्यांचा चेहरा निवांत होई. पुढच्या सिग्नलला तेच. त्याच्याही पुढच्याला तेच. मिस्त्रीने विचारलं, असं पुढे का सरकता? वडिलांनी उत्तर दिलं, की सागाचं लाकूड ओलं असलं की फार जड.

टेकडीच्या मागे एक लांबलचक, सौम्य उताराचा मोकळा रस्ता होता. तिथे मिस्त्रीने लिव्हरला हात लावला आणि डीकडे खूण केली. वडिलांनी डी टाकला. इंजिनचा कोलाहल थांबला आणि गाडी छान, अलगद घरंगळू लागली. कोणत्याही माणसाला बरं वाटलं असतं. वडिलांचे मात्र हात आवळले गेले. बोटं स्टीअरिंगवर काहीतरी शोधू लागली. अनवाणी पाऊल तळावर दाबून पाहत होतं. गाडी बंद पडली, असं ते पुटपुटले, त्यांनी लिव्हर न्यूट्रलला आणली आणि चालू इंजिनावर किल्ली फिरवली.

लोखंडावर लोखंड खरवडल्याचा तो आवाज ऐकून मिस्त्रीच्या दाढा शिवशिवल्या. रस्त्याकडेने चाललेली एक बाई दचकून मागे वळली. वडिलांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते किल्ली तशीच दाबून धरून होते.

मिस्त्रीने त्यांचा हात धरून किल्ली सोडवली, गाडी कडेला घ्यायला लावली आणि इंजिन बंद केलं. पाची गोष्टी त्याच्या डोक्यात एका झटक्यात जुळल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याला विलक्षण आनंद झाला होता. दुसऱ्या क्षणी त्या आनंदाची त्याला शरम वाटली. त्याने वडिलांच्या खांद्याला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं आणि सावकाश विचारलं.

"काका, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

वडील त्याच्या ओठांकडे पाहत होते. मग ते समोरच्या काचेतून बाहेर पाहू लागले. तसेच पाहत म्हणाले, "लेकीला सांगू नकोस. किल्ली जाईल."

मग त्यांनी सगळं सांगितलं. या वेळी ती बडबड नव्हती. अडतीस वर्षं ट्रकचं इंजिन मांडीला मांडी लावून होतं, ते कान थोडे थोडे खात होतं. उरलंसुरलं ही गाडी आली त्या सुमाराला गेलं. या गाडीआधी ते चालवायचे त्या जुन्या जीपमध्ये त्यांना फरक पडला नव्हता, कारण तिथे क्लच होता. इंजिन काय म्हणतंय ते डाव्या पायाला कळायचं, गिअरच्या दांड्यातून हाताला कळायचं. मग गुडघा गेला. डॉक्टर क्लच नको म्हणाले आणि लेकीने जीप विकून ही गाडी घेतली. हिला क्लच नाही, दांडा नुसता शोभेचा. आवाज तर त्यांच्यापुरता नव्हताच. सुरुवातीचे दिवस गाडी चालू आहे की बंद, हेच कळायचं नाही. मग एकदा चढावर एल टाकला आणि सबंध गाडी अंगाशी बोलायला लागली.

"बुडाखाली सगळं कळतं," ते म्हणाले. "ओढतेय, धरतेय, दमलीय. गादी काढली, मॅट काढलं, बूट काढले, तेव्हा आणखी नीट कळायला लागलं. सिग्नलला वीतभर सरकवली, की चालू आहे हे कळतं. डीवर मेल्यासारखी जाते. मी कशाच्या भरवशावर चालवू?"

इतक्या वर्षांत मिस्त्रीला एवढं सुरेख उत्तर कुणी दिलं नव्हतं. पण आता त्याच्यापुढे प्रश्न होता तो यंत्राचा नव्हता. त्याने विचारलं, मागून रुग्णवाहिका आली तर? वडील म्हणाले, दिवा आरशात दिसतो. आरसा ते बघत होते, हे मिस्त्रीने स्वतः मोजलं होतं. मग त्याने विचारलं, गाडी मागे घेताना कुणी ओरडलं तर? ते मला कळणार नाही, असं वडिलांनी सरळ सांगितलं.

मिस्त्रीने समोरच्या गोल तबकडीवर बोट ठेवलं. वेगाचा काटा डावीकडे होता, हा उजवीकडचा दुसरा. वडिलांनी आजवर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. ट्रकमध्ये असलं काही नव्हतं आणि लागलंही नव्हतं. मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. काटा उठून एकाच्या जरा खाली आला आणि तिथे जरा थरथरत राहिला. हे इंजिन, मिस्त्रीने ओठ ठळक हलवत सांगितलं. काटा उभा आहे तोवर ते जिवंत आहे. झोपला, की बंद. वडिलांनी पाय दाबला, काटा चढला. सोडला, उतरला. पुन्हा दाबला. मग त्यांनी डी टाकून गाडी उतारावर सोडली आणि एक डोळा काट्यावर ठेवला. गाडी गिअर बदलत होती आणि प्रत्येक बदलाला काटा एक पायरी खाली यायचा. तिसऱ्या बदलाला ते आधीच म्हणाले, "आता." काटा पडला. चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस हसला. तासभर दोघं त्या रस्त्यावर वर-खाली करत राहिले, आणि कोण कुणाला शिकवतंय असं कुणी विचारलं असतं तर पंचाईत झाली असती.

परत आले तेव्हा लेक गॅरेजमध्ये वाट पाहत होती. मिस्त्रीने तिला गाडीची हकिगत सांगितली. एलवर चालवल्याने तेल जळलं, पेट्रोल गेलं, गाडी तापली. इंजिनला अजून धक्का नाही. ब्रेक मात्र इतके जपले गेलेत, की आणखी दोन वर्षं बघायला नकोत. स्टार्टर नवा लागेल.

"ते ठीक," ती म्हणाली. "पण एलवर का?"

जन्मभर जो प्रश्न त्याने जगाला विचारला, तो आज त्याच्यावरच उलटला होता. उत्तर जिभेवर होतं आणि ते त्याचं नव्हतं. दिलं तर किल्ली जाणार. नाही दिलं, तर उद्या गाडी मागे घेताना काय होईल कुणास ठाऊक. तो म्हणाला, ताई, हे काकांनाच विचारा.

"त्यांना विचारून काय होणार?" लेक स्टार्टरच्या खाल्लेल्या दातांकडे पाहत म्हणाली. "जीप विकली त्या दिवसापासून ते मला उत्तर देत नाहीत. मागच्या खोलीत बसलेले असतात, मी दुकानातून हाक मारते, वळूनसुद्धा बघत नाहीत. जेवायला बोलावलं तरी नाही. दोन वर्षं झाली. आता मीही हाक मारायचं सोडून दिलं."

मिस्त्रीच्या बायकोने टेबलावरचा वाजणारा फोन उचलून तसाच खाली ठेवला. वडील दाराशी उभे होते. काय बोलणं झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण तिघांचे चेहरे ते आळीपाळीने पाहत होते. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने मान हलवली, की मी काही सांगितलेलं नाही. मग ते लेकीसमोर येऊन उभे राहिले आणि बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले.

"मला ऐकू येत नाही. अजिबात. म्हणून एलवर चालवतो. किल्ली घ्यायची तर घे."

लेक खुर्चीच्या कडेवर बसली. ती खाली फरशीकडे पाहत होती. "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रुसलात," ती म्हणाली. खाली बघूनच म्हणाली, त्यामुळे वडिलांना ते कळलं नाही. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. ती उठली, त्यांच्या अगदी समोर आली, आणि ते वाक्य पुन्हा, एकेक शब्द सुटा करून म्हणाली. वडिलांचे डोळे तिच्या ओठांवरून वर गेले आणि भरून आले. त्यांनी नुसती मान हलवली, नाही, नाही, नाही अशी.

वडिलांनी किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती वळवून पाहिली. मग ती मिस्त्रीला म्हणाली, की कागद नको. वडिलांकडे तोंड करून तिने आपल्या कानाला बोट लावलं आणि सांगितलं, की आत्ता कानाच्या डॉक्टरकडे जायचं. ते काय म्हणतात त्यावर पुढचं ठरेल. आजच्यापुरतं तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवून तिने त्यांची बोटं मिटली.

मिस्त्री फाटकापर्यंत आला. वडिलांनी डी टाकला. गाडी इतकी गुपचूप निघाली, की समोरचा दुकानदार मान वर करून बघायलाही विसरला. काचेतून लेक दिसत होती. ती पूर्ण त्यांच्याकडे वळून बसली होती आणि बोलत होती, हात हलवत, न थांबता. दोन वर्षांचं साठलेलं असणार. वडिलांचे डोळे रस्त्यावर होते.

शंभर पावलांवर, वळणाच्या अलीकडे, गाडीने सिग्नल दिला आणि ती कडेला जाऊन उभी राहिली. स्टार्टर तात्पुरताच बसवलेला होता. मिस्त्री पाना उचलून धावत निघाला. अर्ध्या वाटेवर त्याला मागची काच दिसली आणि तो थांबला. गाडीला काही झालं नव्हतं. वडिलांनी स्टीअरिंग सोडलं होतं आणि ते लेकीकडे तोंड करून, ती काय म्हणते ते ऐकत होते.